कार्यारंभापूर्वीचे कार्य

मोठ्या कार्यांचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा कोनशिलेच्या तारखेपासून लेखनास प्रारंभ करतात. त्या दिवशी कोण उपस्थित होते, नारळ कोणी फोडला, वर्गणी किती जमली, हा तपशील दप्तरात सापडतो आणि म्हणून तो ग्रंथातही उतरतो. परंतु त्या तारखेपूर्वीची जी पाच, दहा, क्वचित वीस वर्षे कर्त्या माणसाने स्वतःस त्या कार्याच्या योग्यतेस आणण्यात घालविलेली असतात, ज्या वर्षांत बाहेरून पाहणाऱ्यास काहीच घडत नसल्याचा भास होतो आणि घरच्या मंडळींस तर हा मनुष्य वेळ फुकट दवडीत आहे अशी खात्रीच वाटू लागते, त्या वर्षांचे कागदपत्र कोणी राखून ठेवीत नाही, आणि ज्याचे कागदपत्र नाही त्यास इतिहासात जागा मिळत नाही. प्रस्तुत लेखनाचा विषय ही अलिखित वर्षे हा आहे. एका आयुष्यात पुरे होईलच अशी हमी नसलेले कार्य अंगावर घेण्यापूर्वी मनुष्याने स्वतःची कोणती तयारी करावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारच थोडा झालेला आहे.

माझे प्रतिपाद्य आरंभीच सांगून ठेवतो. द्रव्य, जागा, माणसे आणि साधनसामग्री यांची तजवीज कोणत्याही उद्योगास लागतेच, व ती कशी करावी हे शिकविणारी पुस्तके आज बाजारात पुष्कळ मिळतात. परंतु ज्या कार्यास वीस, तीस, पन्नास वर्षे लागावयाची, त्याच्या कर्त्याने सर्वांच्या आधी एक गोष्ट स्वतःच्या मनाशी निश्चित केली पाहिजे. ती अशी की, हे कार्य कदाचित माझ्या हातून पुरे होणार नाही, आणि तसे झाले तरी ते अडू नये अशा रीतीने त्याचा प्रत्येक भाग मी पहिल्या दिवसापासून रचीन. हा निश्चय ज्याने केला त्याचा धीर, त्याची पद्धत, नोंदी ठेवण्याची त्याची शिस्त आणि सहकाऱ्यांना तालीम देण्याची त्याची वृत्ती ही सर्व त्या निश्चयाच्या मागोमाग येतात. ज्याने तो केला नाही, त्याच्यापाशी पैसा आणि माणसे दोन्ही असली तरी त्याचे कार्य त्याच्याबरोबरच चितेवर चढते.

विक्रोळीत राहणाऱ्यास याची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रेल्वेच्या पूर्वेस आज जे कारखाने, कामगारांच्या वसाहती, शाळा व सावलीचे रस्ते दिसतात, आणि द्रुतगती महामार्गापलीकडे ठाण्याच्या खाडीपर्यंत तिवर-कांदळांचे जे रान पसरलेले आहे, त्या सर्वांचा उगम एका खरेदीत आहे. साष्टीतील हे गाव एकोणिसाव्या शतकात फ्रामजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याच्या ताब्यात सरकारकडून आले होते. पुढे वारसांच्या व्यवहारांत ते न्यायालयापर्यंत गेले, आणि दुसरे महायुद्ध चालू असता, १९४३ च्या सुमारास, पिरोजशा बुर्जोरजी गोदरेज यांनी ते विकत घेतले. त्या वेळी पिरोजशांनी साठी ओलांडलेली होती. त्यांचे वडील बंधू अर्देशिर यांनी १८९७ साली लालबागेत कुलपांचा जो कारखाना काढला, त्यास तोवर पंचेचाळीस वर्षे होऊन गेलेली, अर्देशिर स्वतः १९३६ मध्ये निवर्तलेले, आणि ज्या जमिनीचा सौदा चालला होता ती मुंबई शहराच्या हद्दीबाहेर, बहुतांशी दलदलीची, भरतीचे पाणी आत येणारी. विक्रोळीचा समावेश बृहन्मुंबईत झाला तो १९५० साली. साठीच्या पुढचा गृहस्थ, युद्धामुळे पोलाद आणि यंत्रे यांचा तुटवडा असता, आपल्या हयातीत ज्याचा चतुर्थांशही उपयोगात येणार नाही असा सुमारे तीन हजार एकरांचा मुलूख कशासाठी घेतो, हा प्रश्न त्या काळी अनेकांनी विचारला असेल.

जमिनीचे भाव पुढे वाढले म्हणून या खरेदीस दूरदृष्टीचा व्यापार म्हणून मोकळे व्हावे, असे काही जणांचे मत आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. भाववाढीवर डोळा ठेवणारा मनुष्य जमीन पडीक ठेवतो अथवा तुकडे करून विकतो. येथे मात्र कारखान्याबरोबर कामगारांची घरे, घरांबरोबर मुलांसाठी १९५५ मध्ये उदयाचल शाळा, रस्त्यांबरोबर झाडे, असा क्रम लागलेला दिसतो. आणि त्याहून विशेष हे की, खाडीकाठच्या ज्या तिवरांकडे मुंबईच्या इतर अनेक भागांत भरणी घालून मोकळी करावयाची जागा म्हणून पाहिले गेले, ती तिवरे येथे राखली गेली. तिवराची मुळे चिखल धरून ठेवतात, भरतीचा जोर मोडतात आणि मासळीच्या पिलांस आसरा देतात, हे शास्त्र शाळेतल्या मुलांस आज ठाऊक आहे. परंतु पुढे सोनाबाई पिरोजशा गोदरेज यांच्या नावाच्या न्यासाने त्या रानाचा अभ्यास व रक्षण हाती घेतले, तेव्हा तेथे राखण्याजोगे रान शिल्लक होते, याचे श्रेय आधीच्या पिढीने जे केले नाही त्यास द्यावे लागते. दीर्घ कार्याच्या तयारीत काय करावयाचे याचीच यादी लोक करतात; कशास हात लावावयाचा नाही हे ठरविणे हाही तिचा भाग आहे, व तो पुष्कळदा अधिक कठीण असतो. पिरोजशा १९७२ साली वारले. त्यांनी घेतलेल्या जमिनीवरील काम त्यांच्या मुलांनी व नातवंडांनी चालविले आणि ते आजही संपलेले नाही.

याच भूमीवर, कारखाना नुकताच उभा राहत असता, १९५१ मध्ये एक असे काम येऊन पडले की ज्यात तयारी आणि कार्य यांचा संबंध फार स्पष्टपणे दिसतो. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असावयाची, म्हणून देशभर वीस लाखांच्या आसपास पोलादी मतपेट्या लागल्या; त्यांपैकी बारा लाखांहून अधिक विक्रोळीत तयार झाल्या. पेटी स्वस्त हवी, मजबूत हवी, आणि कोणास न कळता उघडता येऊ नये अशी हवी. बाहेरून निराळे कुलूप बसविले तर खर्च परवडेना, तेव्हा कारखान्यातल्याच एका कारागिराने आतल्या आत बसणारी कडी योजली व तीच कायम झाली. मला या हकिकतीत जे महत्त्वाचे वाटते ते असे की, ती कडी त्या दिवशी सुचली असली तरी ती सुचण्याजोगा हात पन्नास वर्षे कुलपे करणाऱ्या संस्थेत घडलेला होता. मोठी मागणी दारात येऊन उभी राहिल्यावर तयारी करावयास सवड मिळत नसते. आधी जे शिकून ठेवले असेल तेवढेच त्या क्षणी हाताशी येते.

आणि पेट्या तरी त्या प्रचंड उद्योगाचा केवळ शेवटचा, डोळ्यांस दिसणारा भाग होता. मतदारांच्या याद्यांचे काम राज्यघटना अंमलात येण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, संविधान सभेच्या सचिवालयाने सुरू केले होते. म्हणजे प्रौढ मताधिकाराचे कलम कागदावर कायम होण्याच्या आधी त्या कलमास लागणारी यादी गावोगाव तयार होऊ लागली होती. फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्यांची नोंद कोठे करावयाची, वास्तव्याचा पुरावा कोणता धरावयाचा, असे असंख्य प्रश्न पत्रव्यवहाराने सोडवीत ते काम चालले. मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त झाले, तेव्हा त्यांच्यापुढे कोरा कागद नव्हता. तरीही याद्या टंकलिखित करून लावण्यासाठी सुमारे साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या मुदतीवर नेमावे लागले, सतरा कोटींहून अधिक मतदारांची नावे लागली, आणि ज्या स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई अथवा तमक्याची बायको एवढेच सांगितले अशा सुमारे २८ लाख नोंदी शेवटी गाळाव्या लागल्या. ही उणीव लहान नव्हती. परंतु ती मोजली गेली, कबूल केली गेली, आणि पुढील खेपेस या स्त्रियांची नावे मिळवावयाची हे त्यातूनच ठरले. कार्याची पहिली फेरी सदोष होणार हे गृहीत धरून तिचे दोष पुढच्या फेरीसाठी लिहून ठेवण्याची जी ही सवय, तीस मी तयारीचे अंग समजतो.

ज्ञानाच्या क्षेत्रात महाराष्ट्राने केलेल्या दीर्घ उद्योगांत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस मी अग्रस्थान देतो, आणि या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्या आवृत्तीची कार्यपद्धती एकदा तरी नीट समजून घ्यावी असा माझा आग्रह आहे. अशी आवृत्ती व्हावी ही सूचना विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ च्या पॅरिस येथील प्राच्यविद्या परिषदेत मांडली होती. युरोपातील विद्वत्सभांनी थोडी हालचालही केली, परंतु पहिल्या महायुद्धाने ती बंद पडली. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ मध्ये निघाले, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ मध्ये लाख रुपयांचे अभिवचन दिले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्णपंत भांडारकरांच्या हस्ते कार्याचा आरंभ झाला. त्या आरंभापासून आदिपर्वाचा संपूर्ण ग्रंथ सिद्ध होईपर्यंत चौदा वर्षे गेली. चौदा वर्षांत अठरांपैकी एक पर्व, असा हिशेब वर्गणीदारांपुढे ठेवताना चालकांस काय वाटले असेल याची कल्पना सहज करता येते. त्या चौदा वर्षांत काय चालले होते, हे पाहिले म्हणजे मात्र टीकेची भाषा ओठांवर येत नाही.

प्रथम नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ती १९२३ मध्ये सिद्ध केली आणि ती विद्वानांच्या अभिप्रायासाठी देशोदेशी पाठविली. ती अंतिम नव्हती, अंतिम असल्याचा दावाही नव्हता. पद्धत कोठे तुटते हे कळावे एवढ्यासाठी एक मधले, लहान पर्व घेऊन केलेला तो प्रयोग होता. मोठ्या कार्याच्या कर्त्यास आपला पहिला प्रयत्न असा चव्हाट्यावर मांडून त्यावर आक्षेप मागविण्याइतके मनोधैर्य असावे लागते, आणि मी तर असे म्हणेन की, हे धैर्य अंगी आले नाही तोवर माणसाने मोठ्या कार्यास हात घालू नये. नंतर १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर मुख्य संपादक झाले. त्यांची स्वतःची तयारी पाहा: केंब्रिजला गणिताचे अध्ययन, पुढे बर्लिनला ल्यूडर्स यांच्यापाशी संस्कृत व्याकरणावर प्रबंध, मग पुराणवस्तु खात्यात शिलालेख व ताम्रपट वाचण्याची नोकरी. यांतील कोणतीही पायरी महाभारतासाठी म्हणून चढलेली नव्हती. तरीही गणिताने दिलेली काटेकोर वृत्ती, व्याकरणाने दिलेली भाषेची जाण आणि कोरीव लेखांनी दिलेली निरनिराळ्या लिप्यांची ओळख, या तिन्हींची गाठ अडतिसाव्या वर्षी एका टेबलावर पडली. आपण आज जे शिकत आहो त्याचा उपयोग काय, या विवंचनेने तरुण माणसे व्याकुळ होतात, त्यांच्यासाठी मी हे विस्ताराने लिहीत आहे.

पाठभेद टिपण्याची रीत ठरविलेली होती. प्रत्येक श्लोकासाठी निराळा कागद. त्यावर प्रमाण धरलेल्या पाठाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, जेथे भेद असेल तेथेच अक्षर भरावयाचे, बाकीची जागा कोरी सोडावयाची. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथी आणि केरळातील मल्याळम लिपीतील पोथी अशा रीतीने एका कागदावर शेजारी येऊन बसल्या. हे टिपण्याचे काम पुण्यातच नव्हे, तंजावरास आणि शांतिनिकेतनातही चाले, आणि रीत एकच असल्यामुळे कोणत्या टेबलावर कोण बसला होता याने फरक पडत नसे. या कागदाची थोरवी येथेच आहे. तो लिहिणारा लेखनिक नोकरी सोडून गेला तरी कागद बोलत राहतो. सुखटणकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वास जी विस्तृत प्रस्तावना जोडली, तिच्यात संपादनाची तत्त्वे, पोथ्यांच्या कुळांचे नाते, संशयाच्या जागा, हे सर्व उघड करून ठेवले. माझ्या मते ती पुढील संपादकांच्या नावे लिहून दिलेली सनदच होती. जानेवारी १९४३ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, महाभारताच्या अर्थावरील व्याख्यानमाला मुंबईत चालू असता व तिचे शेवटचे व्याख्यान द्यावयाचे राहिले असता, ते अकस्मात निवर्तले. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी धुरा घेतली, त्यांच्यामागून परशुराम लक्ष्मण वैद्यांनी घेतली, निरनिराळी पर्वे सुशीलकुमार दे, एजर्टन, दांडेकर अशा निरनिराळ्या प्रांतांच्या व देशांच्या पंडितांनी संपादिली, आणि बाराशेंहून अधिक हस्तलिखितांच्या आधारावरील हे कार्य सप्टेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत पुरे झाल्याचे जाहीर झाले. ज्यांनी आरंभ केला त्या भांडारकरांस जाऊन तोवर एक्केचाळीस वर्षे लोटली होती.

डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा मार्ग निराळा होता. अमेरिकेतून विद्या घेऊन परतलेल्या या पुरुषाने ज्ञानकोशासाठी राजाश्रयाची वाट पाहिली नाही. भागभांडवलाची मंडळी काढली, गावोगाव हिंडून भागीदार व वर्गणीदार मिळविले, आणि बारा वर्षांत तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा करून दाखविला. त्यातील पहिले पाच खंड हे प्रस्तावनाखंड आहेत, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मला फार बोलकी वाटते: अकारविल्हे लेखांस हात घालण्यापूर्वी जगाच्या इतिहासात आपल्या समाजाचे स्थान कोणते, याचा स्वतःशी उलगडा केल्याविना त्यांस पुढे जाववेना. केतकरांच्या घाईत दोष राहिले आहेत, व ते अभ्यासकांनी दाखविलेही आहेत. परंतु त्या कचेरीत तयार झालेल्या माणसांपैकी यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग सिद्ध केले, हे ध्यानात घेता, एका कार्याने दुसऱ्या कार्याची तयारी करून दिली असेच म्हणावे लागते. आणि झालेल्या कामाचा जमाखर्च केतकरांनी स्वतंत्र पुस्तक लिहून लोकांपुढे मांडला, जे आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही.

पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण एकट्याने काम करणाऱ्यांसाठी आहे. व्यवहारमयूख या ग्रंथाची आवृत्ती सिद्ध करीत असता तिला धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडा इतिहास प्रस्तावनेदाखल जोडावा, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. ती प्रस्तावना आवरेना. आवृत्ती १९२६ मध्ये निघाली, इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला, आणि पाचवा खंड पुरा होईपर्यंत १९६२ साल उजाडले. पन्नाशीपूर्वी आरंभिलेले काम ब्याऐंशीव्या वर्षी संपले. या काळात ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत होते, पोटाच्या जुनाट विकाराने बेजार होते, आणि गिरगावात राहून हे लिहीत होते. एवढ्या कामासाठी त्यांनी निर्वाहाचे साधन सोडले नाही, ही गोष्ट मी तरुणांच्या नजरेस मुद्दाम आणून देतो. मोठ्या कार्यासाठी नोकरी सोडून देण्याच्या गोष्टी ऐकावयास चांगल्या वाटतात. परंतु तीस वर्षे टिकावयाच्या कार्यास तीस वर्षे टिकणारी मिळकत लागते, आणि पोटाची चिंता रोज सकाळी दारात उभी असताना कोणाच्याही हातून शांतपणे टिपणे होत नाहीत. संसार सांभाळून रोज जो वेळ निश्चितपणे उरेल, मग तो दीड तासाचा का असेना, त्यावरच कार्याची मुदत बेतावी.

येथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. तयारीलाच कार्य समजून बसणारी माणसे असतात. टिपणे वाढत जातात, पेट्या भरत जातात, ग्रंथ मात्र निघत नाही. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू केले. पंचवीस वर्षांत शब्दांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या, पहिला भाग १९७६ मध्ये छापून निघाला, आणि अद्यापि कोश अकाराच्या बाहेर पडलेला नाही. एवढ्यावरून त्या कोशास कोणी निष्फळ म्हणू लागेल तर मी त्याशी सहमत होणार नाही, कारण चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, पद्धत लिखित आहे, आणि दुसऱ्या पिढीस काम कोठून उचलावयाचे हे नेमके कळते. कोणीही मनुष्य उद्या निघून गेला तरी त्याच्या मेजावरचा कागद दुसऱ्यास वाचता येईल की नाही, ही माझ्या दृष्टीने तयारी आणि दिरंगाई यांतील सीमारेषा आहे. ज्याची टिपणे त्याची त्यालाच कळतात, त्याची वीस वर्षांची मेहनत दिरंगाईतच जमा होते. यावर उपाय उत्गीकरांनी दाखविलाच आहे: दोनतीन वर्षांच्या आत कार्याचा एक लहान तुकडा संपूर्ण करावा, छापावा, जाणत्यांच्या हाती द्यावा, आणि त्यांचे आक्षेप ऐकून मग मूळ आराखडा कायम करावा.

सहकाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. दीर्घ कार्यात माणसे येतात व जातात. जाणाऱ्यावर राग धरण्यात कर्त्याची पुष्कळ शक्ती खर्ची पडते. चार वर्षे काम करून निघून गेलेल्या माणसाने चार वर्षे काम केले, एवढेच खरे. त्याचे नाव यादीत राहू द्यावे आणि त्याच्या जागी येणाऱ्यास शिकविण्यास पहिले काही महिने मोकळ्या मनाने द्यावेत. शिकविण्यात गेलेला वेळ कार्यातून वजा झाला असे ज्यास वाटते तो एकट्याच्या आवाक्यातले काम घेवो. त्यातही मोठेपणा आहे, काण्यांनी तो सिद्ध केला आहे.

आता ज्यासाठी हा सर्व प्रपंच केला ते सांगतो. विक्रोळीस स्वतःचा इतिहास नाही. म्हणजे तो आहे, परंतु लिहिलेला नाही. हरियाली गावठाणातील जुनी घराणी, खाडीवर जाळे टाकणारे कोळी, लालबागेतून कारखान्याबरोबर इकडे आलेले कामगार, मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या नावाने वसलेल्या कन्नमवार नगरात आणि टागोर नगरात गृहनिर्माण मंडळाच्या लहान खोल्यांत संसार थाटलेली कुटुंबे, पार्कसाइटच्या टेकडीवर झोपड्या बांधून राहिलेले लोक, त्यांची मंडळे, वाचनालये, संप, नाटके, दिंड्या, भीमजयंतीच्या मिरवणुका, या सर्वांचे कागद आज घराघरांत विखुरलेले आहेत. जुन्या इमारती पाडून तेथे मनोरे उठत आहेत, आणि घर रिकामे करताना माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. त्या ट्रंकेत सभासदांच्या वह्या असतात, वेतनाच्या चिठ्ठ्या असतात, हस्तलिखित मासिके असतात. कारखान्याने आपले दप्तर नीट लावून ठेवले आहे व ते अभ्यासकांस पाहता येते. वस्तीचे दप्तर मात्र कोणीच लावलेले नाही. हे काम पंचवीस-तीस वर्षांचे आहे, एकट्याचे नाही, आणि त्यातून पैसा मिळणार नाही.

ते अंगावर घेण्याची इच्छा ज्या तरुण-तरुणींस होईल त्यांनी समारंभाने आरंभ करू नये, मंडळाचे नाव आणि पदाधिकारी ठरविण्यात पहिले वर्ष घालवू नये. एक इमारत अथवा एक गल्ली निवडावी आणि तिचे काम विराटपर्वासारखे संपवून दाखवावे. जुन्या माणसांशी बोलावे ते त्यांच्या सवडीने, आणि बोलणे त्याच दिवशी लिहून काढावे. कागद मागताना परत करण्याची तारीख द्यावी व ती पाळावी. सोपी अशी एकच पद्धत ठरवावी आणि ती पहिल्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्यास विचारावयास कोणी नसले तरी चालेल. आणि हाती आलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर, तो कोणाकडून मिळाला, कोठे मिळाला व कोणत्या दिवशी मिळाला, एवढ्या तीन गोष्टी आजपासून लिहावयास लागावे, ही माझी विक्रोळीकरांस विनंती आहे.